कॅमेऱ्याची वाटू नये अशी बॅग

माझा भाचा तेजस याने एक बॅग निवडायला चार महिने घेतले. एवढ्या वेळात आमच्या जामनेरात लोक मुलगी पाहतात, साखरपुडा उरकतात, लग्न लावतात आणि नव्या जोडप्याचं पहिलं भांडणही मिटवून येतात. हा पठ्ठ्या चार महिने मोबाइलवर बॅगा पाहत होता.

मी ज्योत्स्ना. बसस्टँडच्या मागे आमचा स्टुडिओ आहे, 'जीवराम फोटो'. जीवराम म्हणजे माझे वडील. ते गेल्यावर दुकान मी चालवलं. स्वतः लग्न केलं नाही, पण दुसऱ्यांची शेकड्यांनी लावली. म्हणजे लावली भटजींनी, मी उभी राहून फोटो काढले. बाई फोटो काढते म्हणून पहिली काही वर्षं लोक नवरी सोडून माझ्याकडेच पाहत. आता पाहत नाहीत. आता मी मांडवातल्या खांबासारखी झाले आहे, आणि फोटोग्राफरने तसंच व्हावं.

माझी बॅग वडिलांनी करून घेतलेली. रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडून काळं रेक्झिन शिवून घेतलं, आत गादीचा फोम भरला आणि वर पेंटरकडून पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून घेतलं: जीवराम फोटो, जामनेर. फोम विरला की मी केळीच्या पॅकिंगवाल्यांकडून चार पट्ट्या मागून आणते आणि पुन्हा भरते. त्या बॅगेवर उभं राहून मी वराती काढल्या आहेत. तिच्यावर बसून जेवले आहे. ती दिसायला कशी आहे असा प्रश्न मला कधी पडला नाही, कारण बॅग फोटोत येत नसते.

तेजसचा कॅमेरा मात्र चांगला आहे, खोटं कशाला बोलू. मिररलेस. म्हणजे आतला आरसा काढून टाकलेला, म्हणून लहान आणि हलका. किंमत मात्र आरशासकट. पुण्याला एका फोटोग्राफरच्या हाताखाली चार वर्षं राबून त्याने तो घेतला, सोबत दोन लेन्स घेतल्या, आणि मग माझ्याकडे राहायला आणि कामाला आला. तीन वर्षं झाली. हात चांगला होता. डोळा आहे की नाही हे मला अजून कळायचं होतं, कारण त्याचा डोळा सतत मोबाइलवर असायचा.

त्या बॅगांचे व्हिडिओ मीही पाहिले. दुकानात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. एक दाढीवाला पोरगा टेबलावर बॅग ठेवून बसतो. कडी उघडतो, लेन्स काढतो, तीच लेन्स परत ठेवतो. कडी लागल्याचा टक् असा आवाज आला की समाधानाने डोळे मिटतो. मग बॅग खांद्याला लावून एका कॉफीच्या दुकानात जातो, तिथे कॉफीचा फोटो काढतो आणि घरी येतो. वीस मिनिटं हेच. असली रिकामटेकडी माणसं पोटाला काय खातात, कोण जाणे. आणि आमचा तेजस वही घेऊन लिहून ठेवत होता: कापड मेण लावलेलं की साधं, पट्टा चामड्याचा की नायलॉनचा, आतले कप्पे हलतात की नाही.

"रोज वापरायची बॅग हवी, मावशी," तो म्हणायचा. "स्टायलिश."

"रोज तू घरातून दुकानात येतोस. मधे एक गटार आणि एक गिरणी. त्याला स्टाइल कशाला?"

यावर तो हसायचा. खरं कारण मला माहीत होतं. ते सांगितल्याशिवाय ही बॅग कोणाला कळायची नाही.

तेजसला एकतीस पूर्ण झाली होती आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. त्याची आई मंदा, म्हणजे माझी धाकटी बहीण, पहूरला दिलेली. तीन वर्षं ती स्थळांच्या मागे फिरत होती. मुलीकडचे विचारत, पोरगा काय करतो? फोटोग्राफर म्हटलं की चेहरे उतरत. लग्नात फोटो काढणारा! म्हणजे आपल्या लग्नात सगळ्यात शेवटी, बँडवाल्यांच्या पंगतीला जेवणारा. मुलीच्या लग्नात ह्याच लोकांना तीन कॅमेरे, एक ड्रोन आणि नवरीच्या पापणीचा क्लोजअप लागतो. जावई मात्र कॅमेऱ्यामागचा नको. असल्या माणसांचं तोंड मी रोज पाहते आणि 'हसा' म्हणते.

शेवटी मंदाने युक्ती काढली. धुळ्याचे योगराज नाना, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, त्यांची मुलगी ऋतिका. मध्यस्थ होते चिंधा भाऊ. त्यांना मंदाने सांगितलं, मुलगा पुण्याच्या कंपनीत आहे, घरून काम करतो, फोटोची नुसती हौस आहे. हे सांगताना मी तिथेच होते. मी खोटं बोलले नाही. मी चहा पीत होते.

नाना म्हणाले, घरी येऊन पाहण्याचा गाजावाजा नको. जामनेरला पुनाभाऊंच्या मुलीचं लग्न आहे, तिथे आम्ही येतोच आहोत, तिथे मुलगा नजरेखालून घालू. आता गंमत पाहा. पुनाभाऊंच्या त्याच लग्नाचं काम आमच्याकडे होतं. विधींचे फोटो मी काढायचे, आणि नवरीचे, घरच्यांचे, हसण्यारडण्याचे फोटो तेजसने. म्हणजे पोराने त्या दिवशी लग्नाचे फोटो काढायचे होते आणि फोटोग्राफर दिसायचं नव्हतं. मंदाने पुनाभाऊंनाही गळ घातली की हा हौसेखातर काढतो आहे असंच म्हणा.

तेव्हा बॅग हवी होती ती अशी: कॅमेऱ्याची हवी, पण कॅमेऱ्याची वाटता कामा नये.

निवडायला तो मला जळगावला घेऊन गेला. पहिल्या दुकानात काळ्या बॅगा होत्या, जाड, त्यावर कंपनीचं नाव पिवळ्या अक्षरांत. तेजसने एक उचलली, फिरवून पाहिली आणि नाक मुरडलं.

"ही कॅमेऱ्याची वाटते," तो म्हणाला.

दुकानदाराने त्याच्याकडे नीट पाहिलं. "भाऊ, कॅमेऱ्याचीच आहे ती."

दुसऱ्या दुकानात ऑफिसच्या बॅगा होत्या. तिथे आरसा होता आणि तिथे आमचा अर्धा तास गेला. बॅग पुढे घेऊन, मागे टाकून, कंबरेला आडवी घेऊन, खिशात हात घालून. मी म्हटलं, कॅमेरा घालून पाहा ना एकदा. तर हा कॅमेरा घरीच ठेवून आला होता! कपडे घ्यायला जाताना माणूस अंग घरी ठेवून जात नाही. मी बाहेर येऊन एका ओट्यावर बसले आणि शेंगा खाल्ल्या.

शेवटी त्याने बंगळुरूहून मागवली. खोक्यात खोकं, खोक्यात कापडी पिशवी, पिशवीत बॅग. कांदा सोलावा तसं चाललं होतं. बॅग निघाली ती फिक्कट तपकिरी, मऊ चामड्याची, पितळी कडी, बारीक पट्टा, कडीखाली छोटंसं गोंड्यासारखं काहीतरी.

"ही लेडीज पर्स आहे," मी म्हटलं.

"मावशी, ह्याला स्लिंग म्हणतात."

"तू काहीही म्हण. कोणत्याही बाईला दाखव आणि विचार."

"कॅमेऱ्याची वाटते का?"

"नाही."

"मग झालं तर."

एक लेन्स लावलेला कॅमेरा कसाबसा बसला. दुसरी लेन्स आडवी घातली तर बसली. फ्लॅश बसलाच नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं झालं. पण तेजस म्हणाला, माझं काम नैसर्गिक प्रकाशातलंच आहे. हे त्याला फ्लॅश मावत नाही तेव्हा कळलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने मला दुकानात बसवून सांगितलं, "मावशी, उद्या मला 'तेजस, लाइट धर' असं म्हणू नको. कोणी विचारलं तर मावशी आहे एवढंच सांग. स्टुडिओचं काढू नको. आणि ती तुझी बॅग माझ्या जवळ ठेवू नको."

मी हो म्हटलं. पण मला ते लागलं. खूप लागलं. ज्या बॅगेवरच्या नावाने ह्याच्या आईचं लग्न झालं, तिचं शिक्षण झालं, ती बॅग ह्याच्या जवळ नको. मी त्या रात्री भाकरी अर्धी टाकली आणि मनात म्हटलं, लेका, तुला एकदा कळायला पाहिजे.

लग्न भुसावळ रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होतं. मी सकाळी सातलाच पोचले. तेजस नऊला आला. फिक्कट निळा शर्ट, पांढरे बूट, आणि खांद्याला ती पर्स. कामाला लागला, पण काम कसलं? दोन फोटो काढायचे आणि धुळ्याकडचा कोणी पाहुणा दिसला की कॅमेरा पटकन बॅगेत. चोरून बिडी ओढणाऱ्यासारखं चाललं होतं. मंदा लांबून त्याला डोळ्यांनी खुणा करत होती. दोघं मायलेक मिळून एक सबंध मंगल कार्यालय फसवायला निघाले होते आणि घाम दोघांनाही सारखाच फुटला होता.

साडेदहाच्या सुमारास योगराज नाना आले. पांढरी सफारी, हातात लग्नपत्रिका, जणू ती दाखवल्याशिवाय आत सोडणार नाहीत. मागे त्यांची बायको आणि ऋतिका. मुलगी शांत होती, सगळीकडे नीट पाहत होती. तेजसने त्यांना पाहिलं आणि बॅग पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवून, मोकळ्या हातांनी, केस सारखे करत त्यांच्याकडे गेला. कॅमेरा आत, दोन्ही लेन्स आत. सगळं पोट त्या खुर्चीवर ठेवून पोरगा नमस्कार करायला गेला.

इथे मला आमची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे लग्नघरात कोठी असते. आहेर, दागिन्यांचे डबे, बायकांच्या पर्सा, सगळं ज्यात ठेवतात ती खोली. तिची चावी नवरीच्या फुईकडे, म्हणजे आत्याकडे. ती चावी कनवटीला खोचून फिरते आणि तो तिचा मान असतो. पुनाभाऊंची थोरली बहीण सुंदरबाई ही नवरीची फुई. शिंदखेड्याकडे दिलेली, तिकडचीच बोली पक्की झालेली, आणि नजर घारीची. मागच्या वर्षी एका लग्नात त्यांची स्वतःची पर्स गेली होती. तेव्हापासून कुठे पर्स बेवारशी दिसली की ती उचलून कोठीत टाकतात.

सुंदरबाई खुर्चीपाशी थांबल्या. "हाई पर्स कोनी शे?" त्यांनी आजूबाजूच्या बायकांना विचारलं. कोणीच माझी म्हणेना. "काय बाया शेतस! चोरी व्हई जाई ते रडत बसतीन. कोठीमा ठेई देसू."

मी चार खुर्च्या पलीकडे उभी होते. कॅमेरा माझ्या डोळ्याला होता. सुंदरबाईंनी ती स्टायलिश बॅग गोंड्याला धरून उचलली, काखेत मारली आणि चालू लागल्या. मला इतकं हसू आलं की सांगता येत नाही. चार महिने, दोन दुकानं, एक वही, आणि शेवटी निकाल लावला शिंदखेड्याच्या म्हातारीने एका नजरेत: लेडीज पर्स. मी म्हटलं, जाऊ दे. पाच मिनिटं शोधू दे त्याला. मग सांगू.

पाच मिनिटांनी सुंदरबाई कुलूप लावून, चावी कनवटीला खोचून, मारुतीच्या देवळाकडे निघून गेल्या, नवरदेवाला आणायला. त्यांच्यामागे निम्मं कार्यालय गेलं. आणि आमच्याकडची वरात एकदा डीजेमागे लागली की कधी पोचेल हे डीजेवाल्यालाही सांगता येत नाही.

तेजस परत आला तेव्हा खुर्चीवर कोणाचातरी मामा बसला होता. तेजसने खुर्चीखाली पाहिलं. मग सगळ्या रांगेखाली पाहिलं. मग माझ्याकडे आला.

"मावशी, माझी बॅग पाहिली का?"

मी सांगणारच होते. जीभ उचलली होती. पण तो पुढे म्हणाला, "आणि जरा हळू बोल, नाना पाहताहेत."

"तुझी पर्स तूच सांभाळ," मी म्हटलं आणि तोंड फिरवलं.

तो गेला. स्वयंपाकाकडे गेला, नवरीच्या खोलीकडे गेला, पार्किंगमध्ये जाऊन आला. शर्टाची पाठ भिजली होती. मंदाला विचारायला गेला तर ती नानांच्या बायकोशेजारी बसून पुण्याच्या हवेबद्दल बोलत होती. तिने पोराकडे पाहिलंसुद्धा नाही. बारा वाजत आले. आता मला सांगायचं होतं, पण आता सांगितलं असतं तर मी एवढा वेळ गप्प का होते तेही सांगावं लागलं असतं. मी फुलांच्या माळांचे फोटो काढत राहिले. फुलांच्या माळांचे एवढे फोटो मी आयुष्यात काढले नव्हते.

मग त्याला सापडली. कोठीच्या खिडकीला गज आहेत. त्यातून त्याने पाहिलं तर मखमली, जरीच्या, मण्यांच्या पर्सांच्या ढिगावर सगळ्यात वर त्याची बॅग बसली होती. अगदी बहिणींमध्ये बसल्यासारखी. दाराला हे एवढं कुलूप. लग्नघरचं कुलूप फोडायचं नसतं, अपशकुन असतो. शिवाय फोडताना नानांनी पाहिलं असतं तर ते वेगळंच.

तेवढ्यात वरात आली आणि सगळं एकदम झालं. मुहूर्त टळत होता, भटजी ओरडत होते, नवरदेवाला जवळजवळ उचलूनच पाटावर उभं केलं. अंतरपाट धरला. सुंदरबाई वरातीतून आल्या त्या थेट मंचावर गेल्या, कारण अक्षता पडेपर्यंत नवरीच्या मागे दिवा घेऊन उभं राहायचं तेही फुईनेच. दिवा एकदा हातात घेतला की शेवटचं सावधान होईपर्यंत फुई जागची हलत नाही. दिवा विझला तर वर्षानुवर्षं लोक तिलाच बोल लावतात.

तेजस मंचावर चढला. वाकून सुंदरबाईंच्या कानाशी काहीतरी बोलला.

"हातमा दिवा शे भाऊ," सुंदरबाई समोर पाहतच म्हणाल्या. "हालना ते अपशकुन व्हस. लगीन लागू दे, मंग देस."

चावी त्यांच्या कनवटीला. तिथे पुरुषाने हात घालायचा नसतो. बाई घालू शकते. मी बाई होते आणि चार पावलांवर उभी होते. पण माझे हात कॅमेऱ्यात गुंतले आहेत असं मी स्वतःला सांगितलं.

पहिलं मंगलाष्टक झालं. दुसरं झालं. नवरीची आई रडायला लागली होती आणि ते काढायला तेजसजवळ काहीही नव्हतं. पुनाभाऊंनी मंचाच्या पायऱ्यांवरून त्याच्याकडे पाहिलं, हाताने विचारलं, काय रे? काढत का नाहीस? तेव्हा पोराचा धीर सुटला. दोन मंगलाष्टकांच्या मधल्या शांततेत, भटजींच्या माइकपासून हातभर अंतरावर, तो ओरडला.

"अहो फुई, चावी द्या! मी फोटोग्राफर आहे! माझा कॅमेरा आत अडकलाय!"

आठ स्पीकर होते. भुसावळ रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनाही कळलं असेल की तो कोण आहे. आधी शांतता झाली, मग मागून कोणीतरी हसलं, मग सगळे हसले. लग्नाला आलेली माणसं हसायला कारणच शोधत असतात. मी नानांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. ते मंदाकडे पाहत होते, आणि मंदा पदराने तोंड पुसत होती, पुसत होती, जणू त्यावर काही सांडलं होतं. ऋतिका तेजसकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कळलं नाही.

मी माझ्या रेक्झिनच्या बॅगेतून जुना जास्तीचा कॅमेरा काढला आणि बॅगेसकट त्याच्याकडे सरकवला. त्याने एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग 'जीवराम फोटो, जामनेर' खांद्याला अडकवून तो कामाला लागला.

आता लपवायचं काही उरलं नव्हतं. आणि तेव्हा मी त्याला पहिल्यांदा काम करताना पाहिलं. शेवटचं सावधान झालं, साऱ्या मांडवाने अक्षता टाकल्या, बँड वाजला, माझा कॅमेरा माझ्यासारखाच नवरानवरीवर होता. तेजसने पाठ फिरवली आणि गुडघ्यावर बसला. त्याच्या समोर पुनाभाऊ उभे होते. त्यांच्या अक्षता मुठीतच राहिल्या होत्या. सगळ्यांच्या पडून गेल्या, आणि बापाची मूठ अजून मिटलेली. तीस वर्षं मी लग्नं काढते आहे. अशी मूठ प्रत्येक लग्नात असणार. मी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

नाना पंगतीला बसले नाहीत. मंदा मला म्हणाली, "तुझ्या त्या मेल्या धंद्याने घात केला." खोटं तिचं, लाज पोराची, आणि दोष धंद्याचा, वा! पण मला तिला झापायचा अधिकार होता का? तो मी सकाळी पावणेअकरालाच गमावला होता.

तिसऱ्या दिवशी चिंधा भाऊंचा फोन दुकानात आला. स्पीकरवरच होता. "अक्का, नाना नही म्हनतस. पोऱ्या चांगला शे, कामनाबी शे, समदास्नी पाह्यं. पन खोटं बोलना म्हनतस. आधी सांगतात ते चालतं." मग ते म्हणाले, "पोरना मनमा व्हतं. मी इचारं तिले." म्हणजे ऋतिकाला तो पसंत होता.

तेजस कॉम्प्युटरवर बसला होता. त्याची पाठ माझ्याकडे होती. तो वळला नाही.

"आधी सांगितलं असतं तर चाललं असतं म्हणे," तो म्हणाला.

मी चहा मागवला. दुसरं काय करणार होते? मनात एवढंच होतं की ही गोष्ट आता इथेच मिटावी, आणि कोणाला काही कळू नये. आयुष्यभर दुसऱ्यांची लपवाछपवी पाहून नाक मुरडणारी मी, त्या दिवशी माझी लपवाछपवी घेऊन गल्ल्यामागे बसले होते.

आमची पद्धत अशी की अल्बमसाठी सगळे फोटो एकत्र करायचे. माझं कार्ड, त्याचं कार्ड, वेळेप्रमाणे एका रांगेत लावायचे आणि एकेक पाहत जायचं. हे काम तेजसचं. चौथ्या दिवशी दुपारी तो माझ्या कार्डावर आला. हळदीचं भांडं, तोरण, भटजींची पोथी, पाहुणे. मी समोर बसून एका बाळाचे पासपोर्ट फोटो कापत होते. त्याचा माउस टिकटिक करत होता आणि मग थांबला.

मी वर पाहिलं.

पडद्यावर सुंदरबाई होत्या. हिरवं नऊवारी, कनवटीला चावी, आणि काखेत फिक्कट तपकिरी बॅग, पितळी कडी चमकत असलेली. खाली वेळ होती, दहा बेचाळीस. मला तो फोटो काढल्याचं आठवतच नव्हतं. कॅमेरा डोळ्याला असला की माझं बोट आपोआप दाबतं. हसू आलं की जास्तच दाबतं. एक नव्हता, तीन होते. तिसऱ्यात त्या कोठीच्या दारात होत्या.

तेजसने फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. सुंदरबाईंचा चेहरा थोडा हलला होता.

"मावशी," तो म्हणाला, "फोकस बॅगेवर आहे."

कात्री हातात तशीच राहिली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती लाज लपवायला कोणत्याही दुकानात काही मिळत नाही.

त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. त्याने तिन्ही फोटो बाजूला काढून ठेवले आणि पुढचे पाहायला लागला. आठ दिवस बसून त्याने अल्बम पुरा केला. पुनाभाऊंच्या मुठीचा फोटो पानभर घेतला. पुनाभाऊ अल्बम न्यायला आले तेव्हा त्या पानावर थांबले, हात जोडले त्याला. मला नाही, त्याला.

दुसऱ्या दिवशी तो चोपड्याला एका स्टुडिओत कामाला लागायला निघाला. मी माझी रेक्झिनची बॅग समोर ठेवली. म्हटलं, घेऊन जा, फोम नवा भरलाय. त्याने माझ्या वडिलांच्या नावावरून एकदा हात फिरवला आणि बॅग परत माझ्याकडे सरकवली. कॅमेरा टॉवेलात गुंडाळून साध्या पिशवीत घातला. तपकिरी बॅग टेबलावरच होती.

"आणि ही?" मी विचारलं.

"तुला ठेव. लेडीज पर्सच आहे."

एवढं बोलून तो बसस्टँडकडे गेला. पिशवी साधी होती. त्यात कांदे आहेत की कॅमेरा, कोणालाही कळलं नसतं, आणि त्यालाही आता त्याची फिकीर दिसत नव्हती.

ती बॅग दुकानातल्या खुंटीला टांगलेली आहे. मी वापरत नाही, विकतही नाही. येणाऱ्या बायकांची नजर तिच्यावर जातेच. परवा एक जण पट्टा हातात घेऊन म्हणाली, "अक्का, छान पर्स आहे. कोणाची हो?"

"फोटोग्राफरची," मी म्हटलं, आणि तिला स्टुलावर सरळ बसायला सांगितलं.